इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून थेट घेतलेला १२ व्होल्टचा भार: बॅटरी पूर्ण उतरू नये आणि वायर जळू नये यासाठी काय करावे?

वाचनालय_कार्यवाह (प्रश्न)

नमस्कार. रायगड जिल्ह्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अभ्यासिकेसाठी ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी बसवलेली आहे. वीज गेल्यावर त्यावर चार पंखे आणि आठ एलईडी ट्यूब चालतात. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात वीज कित्येक दिवस नव्हती. तेव्हापासून संस्थेच्या समितीने बॅटरीला वाचनालयातील सर्वांत महत्त्वाची वस्तू मानले आहे, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा बाद होते याचे आम्हाला फार वाईट वाटते. आधीची बॅटरी दोन वर्षेही टिकली नाही, आणि आताचीही पंख्यांना जेमतेम पाऊण तास साथ देते.

कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, चार कॅमेरे आणि इंटरनेटचा राउटर ही सगळी उपकरणे १२ व्होल्टवर चालणारी असल्याने, इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून पुन्हा अडॅप्टरने १२ व्होल्ट करण्यात वीज वाया जाते, असे सांगून वायरमनने ती सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर जोडून दिली. हा भार क्लॅम्प मीटरवर मोजला असता सुमारे ३ अँपिअर भरतो. वायर ४०/७६ची (४० बारीक तारांची) आहे, बॅटरीपासून कॅमेऱ्यांच्या पेटीपर्यंतचे अंतर साधारण ६ मीटर आहे, आणि मध्ये फ्यूज नाही. रात्री वाचनालय बंद करताना, जुन्या इमारतीत आगीचा धोका नको म्हणून, मेन स्विच पाडून कुलूप लावण्याची आमची पद्धत आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. इन्व्हर्टरमध्ये लो बॅटरी कट-ऑफ (व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेला की बंद होण्याची सोय) असताना बॅटरी इतकी कशी उतरते, आणि हा कट-ऑफ किती व्होल्टवर असावा? दुसरे म्हणजे, फ्यूज बसवायचा झाल्यास तो किती अँपिअरचा आणि कोठे बसवावा?

घनता_१२४०

कार्यवाह साहेब, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेवटच्या काही ओळींत आहे. इन्व्हर्टरमधील कट-ऑफ हा फक्त इन्व्हर्टरला बंद करतो. तो बॅटरीला कोणापासूनही वेगळे करत नाही. टर्मिनलवरून थेट गेलेल्या वायरीशी त्याचा काहीही संबंध नसल्याने, इन्व्हर्टरने साडेदहा व्होल्टच्या आसपास हात वर केल्यानंतरही डीव्हीआर आणि कॅमेरे उरलेली बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहतात.

त्याहून मोठे कारण मात्र मेन स्विच हेच असावे, असा माझा कयास आहे. मेन पाडला की चार्जरही बंद होतो आणि ३ अँपिअरचा भार रात्रभर निव्वळ बॅटरीवर चालतो. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ असे चौदा तास धरले तर दर रात्री ४२ एएच, आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून सुट्टीनंतरच्या सकाळपर्यंत ११४ एएच जातात. म्हणजे वीज एक मिनिटही न जाता, आठवड्यातून एकदा बॅटरी जवळजवळ रिकामी होत आहे. तिच्यात तेवढे परत भरायचे तर सुमारे वीस टक्के जास्त द्यावे लागतात, आणि १० अँपिअरचा चार्जर कामाच्या वेळात ते पुरे करू शकत नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीत पत्र्यांवर बसलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, ते चार्जिंगने सहजी विरघळत नाहीत, आणि तेवढी क्षमता कायमची जाते.

खात्री करून घ्यायची असल्यास, उद्या सकाळी मेन चालू करण्यापूर्वी टर्मिनलवरचा व्होल्टेज आणि हायड्रोमीटरने सहाही घटांची ग्रॅव्हिटी (आम्लाची घनता, पाण्याची १००० धरून) मोजून येथे कळवावी. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या पूर्ण भरल्यावर साधारण १२४० दाखवतात, आणि स्थिर अवस्थेत त्यांचा व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असतो. इंटरनेटवर सर्वत्र दिलेला १२.७ हा आकडा गाडीच्या, जास्त तीव्र आम्लाच्या बॅटरीचा आहे. तो आपल्या बॅटरीला लावला तर भरलेली बॅटरीही अर्धी वाटेल.

वाचनालय_कार्यवाह

आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी मोजले. कॅमेरे चालू असताना टर्मिनलवर ११.७ व्होल्ट मिळाले, आणि ग्रॅव्हिटी पाच घटांत ११३०च्या आसपास, तर एका घटात ११०० आली. वीज रात्रभर होती, असे शेजारच्या दुकानदाराने सांगितले, त्यामुळे आपला कयास बरोबर आहे. परंतु रात्री कॅमेरे बंद ठेवता येणार नाहीत, आणि मेन चालू ठेवण्यास समिती तयार नाही.

जुना_वायरमन

यात फार खर्च नाही. इन्व्हर्टरला स्वतंत्र एमसीबीवर (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) घ्या आणि रात्री बाकीचे सगळे एमसीबी पाडा, तेवढा एकच चालू ठेवा. त्यापुढे आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास पडणारा स्विच) असला की समितीचीही हरकत राहू नये. आणि थेट वायरीसाठी फ्यूजऐवजी सरळ ६ अँपिअरचा घरगुती एमसीबी टाका, पडला तर पुन्हा उचलता येतो, फ्यूज शोधत फिरावे लागत नाही.

तारेचा_जाडपणा

पहिल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. तेवढ्याने आपला निम्मा प्रश्न सुटेल. एमसीबीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथूनच सुरू होते.

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. बॅटरीच्या बाबतीत तो प्रथम वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचे मूल्य वायरीच्या जाडीवरून ठरते आणि त्याची जागा बॅटरीच्या टोकाला असते. आपली वायर घ्या. ४०/७६चे क्षेत्रफळ सव्वा चौरस मिलिमीटरच्या थोडे आत भरते आणि तिचा रोध मीटरमागे सुमारे १५ मिलिओहम असतो. सहा मीटर जाऊन सहा मीटर परत, म्हणजे ०.१८ ओहम झाला, आणि बॅटरी व जोड यांचे मिळून ०.०१ धरले. कॅमेऱ्यांच्या पेटीत उंदराने वायर कुरतडली आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, तर १२.६ भागिले ०.१९ म्हणजे सुमारे ६६ अँपिअर प्रवाह वाहील. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केल्यास प्रत्येक मीटरला साधारण ६५ वॅट उष्णता होते. पीव्हीसीचे वेष्टन प्रथम मऊ पडते, मग धुमसते, आणि वायर पुस्तकांच्या कपाटामागून गेली असल्यास पुढचे सांगायला नको.

आता यातील खरी गोम पाहा. इन्व्हर्टरच्या जाड केबलवर १०० अँपिअरचा मुख्य फ्यूज असता, आणि ही वायर त्या फ्यूजच्या पुढून घेतली असती, तरी ६६ अँपिअरला तो फ्यूज जागचा हलला नसता. त्यामुळे बारीक वायरीला तिचा स्वतःचा फ्यूज हवाच. ३ अँपिअरच्या भारासाठी ७.५ अँपिअरचा, गाड्यांत वापरतात तसा ब्लेड फ्यूज, झाकण असलेल्या होल्डरमध्ये, बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा. भाराच्या टोकाला, पेटीत, बसवलेला फ्यूज पेटीतील बिघाडापुरता उपयोगी आहे. मधल्या सहा मीटरमध्ये शॉर्ट झाला तर तो नुसता पाहत बसतो.

इन्व्हर्टरच्या केबलचेही गणित याच पद्धतीचे आहे. चार पंखे आणि आठ ट्यूब मिळून सुमारे ४६० वॅट, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, आणि पूर्ण भारावर ७० अँपिअरपर्यंत. केबल २५ चौरस मिलिमीटरची असेल तर १०० अँपिअरचा, बोल्टने आवळून बसणारा फ्यूज योग्य ठरेल. केबल १६चीच असल्यास ८०च्या वर जाऊ नये. येथे फ्यूजची खंडनक्षमताही, म्हणजे तो किती मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकतो हेही, पाहावी लागते, कारण टर्मिनलजवळच शॉर्ट झाला तर १५० एएचची बॅटरी दोन हजार अँपिअरच्या घरात प्रवाह देऊ शकते आणि साधा काचेचा फ्यूज अशा वेळी नुसता वितळत नाही, फुटतो.

आणि एमसीबी. घरगुती एमसीबीची प्रवाह तोडण्याची रचना प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असते. त्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाहात ही सवलत नाही. दहा बॅटऱ्यांच्या १२० व्होल्टच्या यूपीएसवर असा एमसीबी वापरणे म्हणजे उघड उघड संकट ओढवून घेणे आहे.

जुना_वायरमन

१२० व्होल्टचे मान्य आहे. येथे १२ व्होल्ट आहेत. इतकी वर्षे बसवतो आहे, एकही जळालेला पाहिला नाही.

घनता_१२४०

दोघांचेही अंशतः बरोबर आहे. तांब्याच्या किंवा चांदीच्या संपर्कांमध्ये विद्युत ठिणगी टिकून राहण्यासाठी किमान १२-१३ व्होल्ट लागतात, त्यामुळे एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधा एमसीबी ठिणगी विझवू शकला नाही असे सहसा घडत नाही, आणि वायरमन दादांचा अनुभव खोटा नाही. हरकत दुसरी आहे. लहान एमसीबीच्या आत रोध असतो आणि १२ व्होल्टमध्ये तो जाणवतो. शिवाय त्याचा चुंबकीय ट्रिप (मोठ्या प्रवाहाला झटक्यात पाडणारी यंत्रणा) एकदिश प्रवाहात, आवरणावर छापलेल्या पटीपेक्षा बराच वर जाऊन पडतो. आपल्या ६६ अँपिअरच्या शॉर्टला ६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडेलच असे नाही, तो तापून काही सेकंदांनी पडेल. ब्लेड फ्यूज नऊपट प्रवाहावर सेकंदाच्या अंशात जातो. उचलता येण्याची सोय हवीच असेल, तर फ्यूजच्या पुढे स्वतंत्र स्विच द्यावा.

ट्रान्झिस्टर_ताई

अतिप्रवाहाचे झाले, आता कट-ऑफचे पाहू. कार्यवाहांनी विचारलेला 'किती व्होल्टवर' हा प्रश्न अर्धा आहे. 'किती अँपिअरला' हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ४५ अँपिअर ओढत असताना टर्मिनलवर साडेदहा व्होल्ट दिसले, तर भार काढताच व्होल्टेज पुन्हा वर येतो आणि बॅटरीत अजून काही शिल्लक असते. ३ अँपिअर ओढत असताना साडेदहा दिसले, तर बॅटरीत काहीही उरलेले नसते. मंद भाराखाली व्होल्टेज बॅटरीची खरी अवस्था जवळजवळ जशीच्या तशी दाखवतो, म्हणून मंद भाराचा कट-ऑफ उंच हवा. आपल्या १२४० ग्रॅव्हिटीच्या बॅटरीसाठी, ३ अँपिअरला, मी ११.८ व्होल्ट धरेन. तेवढ्यात निम्म्याहून काहीशी अधिक बॅटरी वापरली गेलेली असते.

एकदा बंद झालेला भार पुन्हा केव्हा चालू व्हावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भार सुटताच व्होल्टेज थोडा वर येतो. चालू आणि बंद यांच्या मर्यादा जवळ ठेवल्या तर रिले रात्रभर टकटक करत राहील. म्हणून पुन्हा चालू होण्याची मर्यादा १३ व्होल्टच्या वर ठेवावी, म्हणजे चार्जर प्रत्यक्ष चालू झाल्याखेरीज ती गाठलीच जाणार नाही.

स्वतः बनवायचे असल्यास एलएम ३९३ हा तुलनाकारक आणि टीएल ४३१ हा अडीच व्होल्टचा संदर्भ पुरेसा आहे. टीएल ४३१ला ४.७ किलोओहममधून पुरवठा देऊन त्याचे अडीच व्होल्ट ऋण इनपुटला द्यावेत. बॅटरीच्या धन टोकापासून १५ किलोओहम, त्यापुढे २७ किलोओहम, तेथून धन इनपुट, आणि धन इनपुटपासून ऋण टोकाला १० किलोओहम. आउटपुटला १० किलोओहमचा पुल-अप (धन टोकाकडे जोडलेला रोध), आणि आउटपुटपासून धन इनपुटला ३३० किलोओहम. या मूल्यांनी भार ११.८ला सुटतो आणि १३.३ला पुन्हा जोडला जातो. रोध एक टक्क्याचे, मेटल फिल्म प्रकारचे घ्यावेत, पाच टक्क्यांच्या कार्बन रोधांनी हा हिशेब अर्ध्या व्होल्टनेही सरकू शकतो. १५ आणि २७ यांच्या मधल्या बिंदूपासून ऋण टोकाला २२० मायक्रोफॅरडचे संधारित्र लावल्यास सुमारे दोन सेकंदांचा संथपणा मिळतो आणि पंखे सुरू होतानाच्या क्षणिक घसरणीने कॅमेरे बंद पडत नाहीत. ते सरळ धन इनपुटवर लावू नये, कारण ३३० किलोओहममधून येणारा धक्काही मग मंद होतो आणि मर्यादेजवळ आउटपुट थरथरते. मंडळ प्रथम जोडल्यावर भार चालू होणार नाही, त्यासाठी एकदा चार्जर चालू करावा लागेल. हा दोष समजू नये.

यापुढे स्विच म्हणून ऋण बाजूला एन-चॅनल मॉस्फेट (स्विचसारखा वापरता येणारा ट्रान्झिस्टर) लावणे सर्वांत सोपे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. डीव्हीआरचे ऋण टोक कॅमेऱ्याच्या केबलच्या जाळीतून, किंवा मॉनिटरच्या वायरीतून, दुसऱ्या मार्गाने बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत पोहोचलेले असू शकते. मग मॉस्फेट बंद झाला तरी प्रवाह त्या मागच्या दाराने चालूच राहतो, आणि तोही सिग्नलच्या बारीक जाळीतून. म्हणून धन बाजूलाच तोडावे. आयआरएफ ४९०५ हा पी-चॅनल मॉस्फेट, त्याच्या गेट आणि सोर्समध्ये १०० किलोओहम, आणि गेट खाली ओढण्यासाठी एलएम ३९३च्या आउटपुटवर चालणारा २एन७०००. ३ अँपिअरला मॉस्फेटमध्ये पाव वॅटही उष्णता होत नाही, हीट सिंक लागत नाही. रिले वापरला तरी चालेल, पण त्याचे वेटोळे सतत ३० मिलिअँपिअर खाते. १५० एएचला ते किरकोळ आहे, ७ एएचच्या बॅटरीला नाही.

मॉस्फेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो. त्यामुळे हे मंडळ बसवले म्हणून फ्यूज काढू नये, आणि मंडळ फ्यूजच्या पुढेच असावे.

वाचनालय_कार्यवाह

ताई, अतिशय आभारी आहे. येथे सोल्डरिंग करणारा मुलगा आहे, पण त्याच्यावर सर्व सोपवण्याचे धाडस समिती करणार नाही. तयार वस्तू मिळते का? आणि दुपारी वीज गेल्यावर पंखे ४५ अँपिअर ओढत असतील, तेव्हा ११.८ लवकरच येऊन कॅमेरे बंद पडणार नाहीत का?

ट्रान्झिस्टर_ताई

आपली शंका अगदी योग्य आहे. पंखे चालू असताना बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली असूनही ११.८ दिसू शकेल, आणि एकदा सुटलेला भार वीज येईपर्यंत परत जोडला जाणार नाही. एकाच बॅटरीवर जड आणि हलका असे दोन भार असले, की एका आकड्याने दोघांचेही समाधान होत नाही. मर्यादा ११.३ला आणली तर दुपारचे भागेल, पण रात्री बॅटरी खोल उतरेल. आपल्याकडे रात्रीचा भार रोजचा आणि दुपारचा अधूनमधूनचा आहे, म्हणून मी रात्रीची बाजू घेईन. दिवसा अभ्यासिकेत माणसे असतातच, तास-दोन तास कॅमेरे नसले तर फारसे बिघडत नाही.

ते पटत नसेल, तर कॅमेऱ्यांना स्वतःची वेगळी बॅटरी द्यावी. १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतल्यास तिच्या आत बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे मंडळ) असतो, जो प्रत्येक घटावर लक्ष ठेवतो आणि शॉर्टलाही तोडतो. मात्र त्याचा कट-ऑफ बहुधा घटामागे अडीच व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकूण १० व्होल्टवर असतो. तो शेवटचा बांध आहे, रोज तेथपर्यंत जाणे त्या बॅटरीलाही मानवत नाही.

तयार वस्तू म्हणून सर्वांत सहज मिळणारा म्हणजे सोलरचा छोटा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर. पॅनेलची टोके मोकळी ठेवून फक्त बॅटरी आणि लोड ही टोके वापरावीत. भार तोडण्याची आणि जोडण्याची मर्यादा बदलता येईल असाच घ्यावा, कारण तोडण्याची मूळ मर्यादा बहुतेकांत १०.७ ते ११ व्होल्ट असते. पण स्वस्त कंट्रोलर भार ऋण बाजूला तोडतात, त्यामुळे वर सांगितलेले मागचे दार प्रथम तपासावे: लोडची ऋण वायर सोडवून, डीव्हीआरचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मीटरवर सातत्य दिसते का ते पाहावे. दिसल्यास तो कंट्रोलर येथे चालणार नाही, धन बाजूला तोडणारे रिलेचे लो व्होल्टेज डिस्कनेक्ट मॉड्यूल घ्यावे.

तारेचा_जाडपणा

एक पुस्ती. बूस्ट चार्जिंगमध्ये (चार्जर जोराने भरत असताना) बॅटरीवर १४.४ व्होल्ट येतात आणि बरेच कॅमेरे १३ व्होल्टच्या थोडे वरपर्यंतच झेपतात असे त्यांच्या कागदावर लिहिलेले असते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा स्टेप-अप, स्टेप-डाउन कन्व्हर्टर टाकावा. तो कट-ऑफच्या पुढे, म्हणजे भाराच्या बाजूला असावा. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की असा कन्व्हर्टर तेवढीच शक्ती देण्यासाठी उलट अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे कट-ऑफविना तो बॅटरीला अधिक वेगाने खाली नेईल.

फ्यूज होल्डर बॅटरीच्या व्हेंट प्लगच्या (वायू बाहेर सोडणाऱ्या बुचांच्या) डोक्यावर बसवू नये, बाजूला आणि थोडा खाली बसवावा. चार्जिंगच्या शेवटी निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो. टर्मिनलवरचे लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) पकडीने दाबून न बसवता क्रिंपिंगच्या हत्याराने बसवून घ्यावेत.

घनता_१२४०

आणि आताच्या बॅटरीबद्दल. ११०० दाखवणारा घट लगेच मेला असे समजू नका. आधी पातळी पाहून प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर घाला. थेट वायर सोडवून ठेवा, इन्व्हर्टरवरचा भार बंद करा आणि सलग दोन दिवस मेन न पाडता चार्ज होऊ द्या. पाणी वरच्या खुणेपर्यंत त्यानंतर भरा, आधी भरल्यास चार्जिंगमध्ये आम्ल उसळून बाहेर येते. भरताना पाणी वरच्या वर राहते, म्हणून आणखी काही तास चार्जिंग चालू ठेवून, ते मिसळल्यावरच सहाही घटांची ग्रॅव्हिटी घ्या. सर्व १२२०च्या वर आले तर बॅटरी अजून काही काळ काम देईल. तो एक घट इतरांपेक्षा ३० अंकांहून मागे राहिला, तर आणखी एक दिवस देऊन पुन्हा मोजा, आणि तरीही फरक तसाच असेल तर तिच्यावर खर्च करू नका.

वाचनालय_कार्यवाह

ठरले. इन्व्हर्टरचा स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी यांना समितीने आज मान्यता दिली. थेट वायर सोडवली आहे, ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि होल्डर उद्या महाडहून येतील. डीव्हीआरचे सातत्य तपासले: मॉनिटरची वायर लावलेली असताना मीटर वाजतो, काढल्यावर वाजत नाही. तेव्हा धन बाजूला तोडणारे मॉड्यूलच मागवतो. दोन दिवसांनी सहाही घटांचे आकडे येथे देईन.